बेलापूरला न पोचलेला बोकड

आई, काल सरकारी जनावरांचे डॉक्टर अस्सल संगमनेरी शेळ्यांच्या शोधात कोल्हारला आले होते. आपल्या गोठ्यातल्या करडांची तांबडी डोकी पाहून म्हणाले, "ही मिश्र झालीत." मग मी त्यांना बेलापूरला मावशीकडे घेऊन गेलो.

तुम्हा बहिणींची रीत मी तुला काय सांगावी! दर दोन वर्षांनी तू आपला बोकड टेम्पोत घालून मावशीकडे न्यायचीस आणि तिचा घेऊन यायचीस. मी शेतकी कॉलेजातून आलो की हसायचो. एकदा भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "सोयरीक करताना गोत बगतो का न्हाई आपन? मंग? बापाखाली लेक द्यायची न्हाई. येवढं बी शिकिवलं न्हाई व्हय कालेजात?" शिकवलं होतं. त्या पेपरात मला चांगले गुणही पडले होते.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात बोकड न्यायचं काम माझ्यावर आलं. मी तो आठवडे बाजारात विकला आणि वजनाला भारी म्हणून तांबड्या डोक्याचा, परदेशी रक्ताचा बोकड आणून बांधला. तू खाटेवरून उठू शकत नव्हतीस. "पोचला का रं?" तू विचारलंस. "पोचला," मी म्हणालो. आठ दिवसांत तू गेलीस. दहाव्याला मावशीनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, वाटेतच आजारी पडून मेला.

काल मावशीच्या दावणीला एकच म्हातारी शेळी होती, पांढरीशुभ्र, आटलेली. मावशी डॉक्टरांना सांगत होती, "ह्याच्या आईचा बोकड यायचा हुता, तो वाटंतच मेला. गावात समदे मिश्र. मंग घरचाच लावला. करडं मरतुकडी निपाजली, एकेक करून गेली." डॉक्टरांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "आता हिला करडू होणार नाही." मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "ह्याचा काय दोस? ह्यो बिचारा घिऊनच येत हुता."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी चहा पीत राहिलो. हे पत्र तिला वाचून दाखवावं असं लिहायला बसताना वाटलं होतं, आता माहीत आहे की दाखवणार नाही.

एक राहिलं. मी नुसतं "पोचला" म्हणून थांबलो नव्हतो. मावशीनं त्याला गूळ चारला, असंही सांगितलं होतं. तू हसलीस. तुझं ते हसणं आठवलं की मला अजूनही बरं वाटतं.