योंगिन बघून आल्यावर

क्लेमेंटी, सिंगापूर
ऑक्टोबर २०१६

प्रिय अरुणाताई,

तुझे फोन मी घेतले नाहीत. माझ्या आवाजावरून तू सगळं ओळखतेस, म्हणून मेल लिहायला बसले. जानेवारीत मी पुण्याला येऊन आईला सांभाळायचं आणि तू गुडघ्याचं ऑपरेशन उरकून घ्यायचं, हे आपलं ठरलंय. मी ते विसरलेले नाही, हे आधी सांगते.

मागच्या आठवड्यात आम्ही कोरियात होतो. अभयला योंगिनला बदली देऊ केली आहे. बदलीआधी कंपनी नवरा-बायकोला दोन दिवस गाव दाखवून आणते, बायकोने नाही म्हणू नये म्हणून. गाव कसलं, सोलच्या दक्षिणेला दहा लाख वस्तीचं शहर आहे, आणि एकाच्या पोटात तीन. अभयने विमानातच लावून टाकलं, सुजी म्हणजे आपलं कोथरूड, गीहुंग म्हणजे हिंजवडी आणि चोइन म्हणजे मुळशी. इथे आलो तेव्हा त्याने क्लेमेंटीचं असंच औंध केलं होतं. मग मलाही तसंच दिसायला लागतं.

सुजीत उंच इमारतींच्या रांगा. भिंतीवर मोठा आकडा नसेल तर आपली कुठली ते कळायचं नाही. गीहुंगला चिपचे कारखाने, अभयचं ऑफिस तिथेच. चोइनला डोंगर, भातखाचरं, प्लास्टिकच्या मांडवाखाली भाजी, आणि मध्येच लहान मुलांचं भलंमोठं करमणुकीचं पार्क. तिकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेला चालकच नाही. अभय हौसेने पुढच्या काचेला नाक लावून उभा होता. मी बसून होते तरी दमले. ताई, हल्ली मी नवीन जागा बघूनच दमते. पुन्हा वाणी शोधा, पुन्हा डॉक्टर शोधा, पुन्हा शेजारणीकडे बघून नुसतं हसा.

सुजीतल्या फ्लॅटमध्ये एजंट बाईंनी पूर्वेची खोली उघडली. अभय म्हणाला, ही तुझी लिहायची खोली. मी मान हलवली, पण मनात तिथे आईची कॉट मांडत होते. उशी खिडकीकडे, म्हणजे तिला ऊन मिळेल. मग बाथरूम पाहिलं. ते एक पायरी खाली होतं. आईचा वॉकर तिथे उतरणार नाही. पुढचे फ्लॅटही तसेच.

परत आल्यावर इरा हॉस्टेलवरून जेवायला आली. अभयचं कोथरूड-हिंजवडी ऐकून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, एव्हरीथिंग ऑल्सो कोथरूड, देन व्हाय नॉट जस्ट गो कोथरूड, लाह?” अभय खूप हसला. मी ताटं उचलली.

ताई, योंगिनला तो एकटा जाईल. मी पुण्याला कायमची येतेय, आणि तू हिंडूफिरू लागलीस तरी आई माझ्याकडेच राहील. हे अभयला मी अजून सांगितलेलं नाही. त्याला सोमवारी दोघांचा होकार कळवायचाय. तो समोर बसला की मी गप्प होते, गेली वीस वर्षं तसंच चाललंय. म्हणून तुला आधी कळवते. हे वाचलंस की डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख घे आणि सोमवारच्या आत अभयच्या फोनवर कळव, मी आईपाशीच राहणार हेही. माझ्या नको.

तुझीच,
अनघा