रंगीत अळूची कुंडी

११ नोव्हेंबर १९५६, रविवार
हे आज सकाळच्या गाडीने भोपाळला गेले. नवं राज्य झालं, ऑफिस तिकडे हललं. क्वार्टर मिळेपर्यंत मी, सासूबाई आणि सुमी इथेच, माधव नगरात. निघताना मला सांगितलं काय, तर "कुंडीकडे लक्ष दे." माझ्याकडे कोण लक्ष देणार, ते राहिलंच.
कुंडी ह्यांच्या पहिल्या बायकोची, वारली तिची. बैठकीत खिडकीपाशी. गुलाबी पानं, हिरव्या कडा. दिसायला अळू, पण वड्याही होत नाहीत.

१५ नोव्हें.
सुमीही पहिलीचीच, नऊ वर्षांची. रोज ओल्या फडक्याने पानं पुसते, कुंडीशी बोलते. मला दोन वर्षांत एकदाही आई म्हणाली नाही. काही म्हणतच नाही. हवं असलं की समोर येऊन उभी राहते.

२६ नोव्हें.
थंडी पडली. पानं एकेक माना टाकताहेत. सुमी जेवली नाही. सा.बा. म्हणाल्या, नजर लागली असेल. म्हणताना बघत होत्या माझ्याकडे.

२ डिसेंबर, रवि.
फ्रीगंजात बियाण्यांच्या दुकानाशी म्हातारा माळी बसतो, त्याला विचारलं. म्हणाला, "बाईजी, मरा नहीं है, सोया है। ठंड भर पानी मत देना, गाँठ सड़ जाएगी। फागुन में अपने आप उठेगा।"
सांगायचं ठरवूनच घरी आले. सुमी कुंडीला कवटाळून बसलेली. सा.बा.ना विचारत होती, "माझी आई जाणार नाही ना?"
मी पिशवी ठेवली नि मेथी निवडायला बसले. नाही सांगितलं.

१० डिसें., सोम.
सा.बा.चा सोमवारचा अभिषेक. पिंडीवरचं दूध-दही-मधाचं तीर्थ पायदळी जाऊ नये म्हणून एरवी पारिजातकाच्या आळ्यात जातं. आज सुमीने तांब्या मागून घेतला, सगळं कुंडीत. महादेवाच्या तीर्थाने का नाही जगणार? सा.बा.चे डोळे भरून आले. मी म्हटलं, "रोजच्या पूजेचं तीर्थही घाल हो, खंड पडू देऊ नकोस."
हे मी म्हटलं. लिहून ठेवते.

२० डिसें.
कुंडीला आंबूस वास. मुंग्या. सुमी एकेक टिपून बाहेर सोडते. बघून मला बरं वाटतं. लाज वाटत नाही, याची मात्र जरा भीती वाटली.

३ जाने. १९५७
ह्यांचं पत्र. क्वार्टर मिळालं, संक्रांतीनंतर न्यायला येतात. कुंडी कशी आहे? सुमीबद्दल एक ओळ. माझ्याबद्दल अर्धीही नाही.
दुपारी दोघी झोपल्यावर मातीत बोट घातलं. एका गड्ड्याचा लगदा झालाय. दुसरा अजून घट्ट आहे. कोरड्या मातीत काढून ठेवला तर वाचेल. माती सारखी केली, हात धुतले.

१४ जाने., संक्रांत
सुमीने सा.बा.ना तिळगूळ दिला, मग माझ्यासमोर आली. हातात अभिषेकाचा तांब्या. "आई, आज तू घाल. माझ्या हातून नाही होऊन राहिलं."
आई म्हणाली. ‘तू’सुद्धा म्हणाली.
खरं सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हे आलंच. मग हा शब्द पुन्हा कानावर पडायचा नाही.
हात पुसून येते म्हणून आत आले नि हे लिहितेय. तांब्या जवळच ठेवलाय, काठोकाठ भरलेला. ती कुंडीपाशी थांबली आहे. दोनदा हाक मारून झाली.