माझ्या हसण्याची खूण

सोमवार, ४

नातीला धरून नेलं. सकाळी चहा गाळत होते, तर दारात तीन पोलीस आणि एक पोलीसबाई. "आजी, तुम्ही बसून घ्या." माझ्याच घरात मला बसायला सांगते! नात चप्पल शोधत म्हणाली, "मटार सोलून ठेव, येते मी."

मटार तसेच पडलेत.

मंगळवार, ५

वकीलबाई येऊन गेल्या. टीव्हीवरच्या त्या हसायच्या कार्यक्रमात नातीने लिहिलं होतं — मंत्री एकाच नळाचं तीनदा उद्घाटन करतो, नळाला पाणी नाहीच. ते झोंबलं. त्यात ही पाण्याच्या मोर्चात सगळ्यांच्या पुढे.

दोष माझाच. तिची रीत अशी, की लिहिलेलं आधी मला वाचून दाखवायचं, स्वयंपाकघरात, मी भाजी निवडत असताना. मी हसले की तिथे पेन्सिलीची खूण. नाही हसले तर फाडून टाकायचं. एवढी मोठी लेखिका, पण दुकान चालतं ते चौथी नापास बाईच्या हसण्यावर! नळाच्या वेळी तर मला ठसका लागला होता.

खरं लिहू? अर्धं मला कळतच नाही. वाचताना ती भुवया उडवते — लहानपणी दूध सांडून उभी राहायची ना, अगदी तश्शी — ते बघून हसते मी. हे तिला कधी सांगितलं नाही.

गुरुवार, ७

मुलगा म्हणाला, "आई, तूच डोक्यावर चढवून ठेवलंस तिला." जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ८

माफीनामा आलाय. यापुढे मोर्चा नाही, लिहिणं नाही. सही केली की लगेच घरी, नाहीतर किती महिने ते वकीलबाईंनाही सांगता येईना. आणि ही काय म्हणते? "आधी आजीला वाचून दाखवते." वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

मला काय, मी हसेन. खदाखदा हसेन. पोर घरी आली पाहिजे, बाकी सगळं गेलं खड्ड्यात. कवळी बसवून आरशासमोर चार वेळा हसून पाहिलं. जमतंय.

शनिवार, ९

जाळीपलीकडून तिने वाचलं. भुवया हलल्या नाहीत. मी तोंड उघडलं, नुसता वारा बाहेर आला.

"बरं झालं, आजी," म्हणाली, आणि कागद फाडला.

पोरीला मीच आत ठेवून आले.