एक्केचाळीस दात

प्रिय दादा,

"ज्याला एक्केचाळीसपर्यंत मोजता येत नाही, त्याने माझ्या पान्यांना हात लावायचा नाही." बाबांचं हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं नाही. आईने मला ते स्वयंपाकघरात, नळ सोडून, हळू आवाजात सांगितलं होतं. टॅक्सीवाल्यासमोर म्हणाले, आपल्या गॅरेजमधल्या सगळ्यांसमोर म्हणाले, आणि तू फक्त हात पुसलेस. या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. त्यानंतर तू त्यांच्या पान्यांना हात लावला नाहीस आणि या घरात जेवलाही नाहीस. आई गेली तेव्हा आलास, फाटकापाशी उभा राहिलास, चपला न काढताच परत गेलास. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. काय काय घडलं ते ओळीने लिहिते आहे, इतकंच. सध्या मला एवढंच जमतं.

बाबांची बातमी तुला वहिनीकडून कळली असेलच. मी तिला फोनवर सगळं सांगते आणि ती तुला सांगते, हे आपल्या तिघांनाही माहीत आहे. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही चाळीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नियमित आणलंत तर वर्ष, कदाचित दीड वर्ष. मी मान डोलावली आणि पार्किंगची पावती कुठे दाखवायची ते विचारलं. घरी येऊन कणीक मळली. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. अजून आलेलं नाही. भूल दिलेल्या दातासारखं आहे हे सगळं. जीभ लावून पाहते, तिथे काहीतरी आहे एवढं कळतं.

आता तीनदा जायचं-यायचं म्हणजे गाडी धड हवी. आपली जुनी गाडी तू पाहिलेली नाहीस, तू गेल्यावर घेतलेली आहे. तिचा टायमिंग बेल्ट बदलायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मी म्हटलं, गॅरेजला टाकते. बाबा म्हणाले, "कुठल्या?" मी दोन-तीन नावं घेतली. प्रत्येक नावाला त्यांनी असा चेहरा केला की जणू मी त्यांना तिथेच भरती करायला निघाले आहे. शेजारच्या मास्तरीणबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अहो, या वयात कशाला उठाठेव, देऊन टाका ना कुणाकडे." तर म्हणाले, "तुम्ही तुमचे दात कुणाकडून घासून घेता का?" त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जुनी धार ऐकली. म्हणून हो म्हटलं. दादा, मी पंचेचाळीस वर्षांची, बावीस वर्षांची असल्यापासून एकाच ऑफिसात फायली सांभाळणारी बाई, घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये टायमिंग बेल्ट बदलायला बसले.

त्यांनी मला पहिल्यापासून शिकवलं, जणू मी त्यांची मुलगी नाही, गिऱ्हाईक आहे. खालचं चाक पिस्टन वरखाली करतं, वरचं चाक व्हॉल्व्ह उघडतं-मिटतं, आणि दोघांनी एका तालात चालावं म्हणून मध्ये हा दातांचा पट्टा. ताल चुकला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतो, आणि मग इंजिनाचं हेड उघडण्याशिवाय गत्यंतर नाही. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाना पुसत राहिले.

शनिवारी सकाळी सुरुवात केली. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत, पाठीला उशी, अंगात स्वेटर. डोळ्यांनी त्यांना आता जेमतेम दिसतं, आणि बोटांची टोकं बधिर झाली आहेत; गरम कप हातात धरतात आणि भाजल्याचं आपल्याला कळतं, त्यांना नाही. पण कान शाबूत आहेत. मी जॅक लावला, उजवं चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं कव्हर सोडवलं. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा देऊन दुसरा जॅक टेकवला. खालच्या पुलीचा मोठा बोल्ट काही केल्या हलेना. मागून आवाज आला, "नटाला नमस्कार करू नकोस, फिरव." मी म्हटलं, फिरवतेच आहे. "फिरवत नाहीयेस, विनवणी करते आहेस. ऑफिसात फायली अशाच सोडवतेस का?" शेवटी पान्याला लांब पाइप अडकवला आणि त्यावर अक्षरशः उभी राहिले. कडकन आवाज झाला. मला वाटलं बोल्ट तुटला. बाबा म्हणाले, "सुटला. तुटल्याचा आवाज वेगळा असतो." मग म्हणाले, "त्याला एका झटक्यात सुटायचा." त्याला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. तेवीस वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही, पण सर्वनाम मात्र सोडलेलं नाही.

रविवारी पट्टा काढायचा होता. बाबांची जुनी पद्धत तुला आठवत असेल: कंपनीच्या खुणांवर विश्वास ठेवायचा नाही, आपण पांढऱ्या रंगाची खूण करायची, वरच्या चाकावर एक, खालच्या चाकावर एक, आणि जुना पट्टा काढायच्या आधी दोन्ही खुणांमधले दात मोजायचे. नवा चढवल्यावर पुन्हा मोजायचे. आणि घरचा नियम, की जो पट्टा बसवतो त्याने मोजायचं नाही. मोजणारा दुसरा हवा. हात ज्याचा असतो त्याला आपलं काम बरोबरच दिसतं, असं ते म्हणायचे. आता या शेडमध्ये दुसरा कुठून आणायचा? त्यांच्या डोळ्यांना दात दिसत नाहीत, बोटांना लागत नाहीत. शेवटी म्हणाले, "तू स्क्रू ड्रायव्हरने एकेक दातावर टिचकी मार. मी ऐकतो." आणि खुर्ची सरकवून त्यांनी कान इंजिनाजवळ आणला.

टिक. एक. टिक. दोन. टिक. तीन.

जुना पट्टा असा मोजला. गंमत म्हणजे याही गाडीचे एक्केचाळीसच भरले, त्या टॅक्सीसारखे. मग पट्ट्याचा ताण धरणारा टेन्शनर ढिला केला, पट्टा काढला, नवा चढवला, ताण दिला. पुन्हा टिचक्या मारायला लागले. सतराव्या दातावर माझा हात थांबला. बाबा म्हणाले, "सतरा. पुढे?"

दादा, त्या दिवशीही मी सतरापर्यंतच मोजले होते.

हे तुला माहीत आहे. आकडा माहीत नसेल, पण बाकी सगळं तुला माहीत आहे. मुलाखतीला जायचं म्हणून मी आईची चांगली साडी नेसले होते. तू टॅक्सीच्या खाली होतास, खालचं चाक धरून. खालूनच ओरडलास, "पिटू, मोज गं पटकन, मग जा." मी पदर कमरेला खोचून वाकले. ग्रीस लागेल म्हणून बोट पट्ट्याला न लावता नुसत्या नजरेने मोजत होते. सतराला घड्याळाकडे लक्ष गेलं. सव्वादहाची बस होती. मी म्हटलं, "एक्केचाळीस, बरोबर," आणि निघाले. पट्टा काढताना वरचं चाक आपोआप तीन दात सरकलं होतं. मोजलं असतं तर अडतीसला कळलं असतं.

संध्याकाळी नोकरी मिळाल्याचं सांगायला धावत आले, तर स्वयंपाकघरात आईने नळ सोडून ते वाक्य सांगितलं. बाबांनी विचारलं होतं, मोजले कुणी? आणि तू म्हणालास, मी. म्हणजे त्यांच्या लेखी बसवणाराही तूच, मोजणाराही तूच; नियमही मोडलास आणि सहा व्हॉल्व्हही वाकवलेस. मी मागच्या अंगणात आले. तू साबणाने कोपरापर्यंत हात धूत होतास. मी तोंड उघडायच्या आत तू विचारलंस, "लागली का नोकरी?" मी मान हलवली. तू म्हणालास, "मग झालं तर." आणि टॉवेल मागितलास. मी ठरवलं, उद्या सांगेन. मग पहिला दिवस, मग पहिला आठवडा. अकराव्या दिवशी तू बॅग भरलीस आणि मित्राच्या काचेच्या दुकानात कामाला लागलास. वहिनी हसत सांगते, की तू प्रत्येक काच कापायच्या आधी तीनदा मोजतोस, गिऱ्हाइकं वैतागतात. ती हसते तेव्हा मी पण हसते.

तर सतराव्या दातावर थांबून मी बाबांना हे सगळं सांगितलं. साडी, बस, सतरा. आवाज अगदी सपाट निघाला, ऑफिसात इतिवृत्त वाचून दाखवते तसा. त्यांनी कान इंजिनाजवळून हलवला नाही. माझं सांगून संपल्यावर म्हणाले, "अठरा." मला कळेना. म्हणाले, "सतरावर होतो आपण. पुढे मोज." मी टिचक्या मारत राहिले, ते मोजत राहिले. एक्केचाळीस भरले. मग म्हणाले, "आता हाताने फिरव इंजिन. चार फेरे." मला आठवत होतं की ते नेहमी दोन सांगायचे. दोन फेरे पाना लावून हाताने फिरवायचे, कुठे अडत नाही ना बघायचं, मगच चावी. मी म्हटलं, दोन ना? म्हणाले, "चार." आणि मला तेव्हा लक्षात आलं, की त्या दिवशी टॅक्सीवाला घाई करत होता आणि एकही फेरा न फिरवता चावी मारली होती ती बाबांनी. हे आईने मला सांगितलं होतं, पण मी त्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. मी चार फेरे फिरवले. कुठे अडलं नाही. खुणा जुळल्या.

सगळं परत जोडून चावी मारेपर्यंत दुपार टळून गेली. गाडी सुरू झाली. बाबा डोळे मिटून बराच वेळ आवाज ऐकत होते. मग म्हणाले, "चालतंय." माझ्या पाठीत कळा येत होत्या, नखं काळी झाली होती. आनंद व्हायला हवा होता. मी चावी बंद केली आणि हत्यारं गोळा करू लागले.

त्यांना हात धरून आत नेलं, पलंगावर बसवलं, चहा दिला, थंड करून. तेव्हा ते बोलले. म्हणाले, "तू लहानपणापासून त्याची बाजू घेतेस. पाटी फोडली त्याने, 'मी फोडली' म्हणालीस तू. आताही तेच. मी चाललो आहे म्हणून आमचं जुळवायला बघतेस." मी म्हटलं, बाबा, खरंच मी मोजले नव्हते. ते म्हणाले, "मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, मी मोजले. तो चुकला, पण खोटं नाही बोलला. तेवढं एकच मी धरून आहे त्याचं. ते काढून घेऊ नकोस." आणि कप माझ्या हातात दिला. मी नंतर दोनदा विषय काढला. पहिल्यांदा म्हणाले, टीव्ही लाव. दुसऱ्यांदा झोपल्याचं सोंग घेतलं, आणि मग खरंच झोपले.

काल पहिल्यांदा त्यांना या गाडीतून नेलं. चार तास मशीनला लावून ठेवतात. मी बाजूच्या स्टुलावर बसते. नळीतून त्यांचं रक्त बाहेर जातं आणि परत येतं, आणि मी ते बघत असते, घड्याळाकडे बघावं तसं. येताना त्यांनी विचारलं, "काचेच्या दुकानाचा रस्ता इथूनच फुटतो ना?" मी हो म्हटलं. गाडी हळू केली. त्यांनी वळायला सांगितलं नाही, म्हणून सरळ आले.

मी तुझी क्षमा मागण्यासाठी लिहीत नाही. क्षमा मागायला काहीतरी वाटावं लागतं, आणि ते माझ्यात सध्या शिल्लक नाही. कधी परत आलं तर मागेन. तू ये असंही म्हणत नाही, येणार नाहीस ते मला ठाऊक आहे. मला एकच हवं आहे, आणि ते तूच देऊ शकतोस, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही आणि तुझ्यावर आहे. त्यांना फोन कर. रविवारी ते घरी असतात, दहानंतर बरे असतात, फोन त्यांच्या उशाशीच असतो. त्यांना सांग, की मोजायला पिटू होती आणि 'मी मोजले' हे तू खोटं सांगितलंस. त्यांनी तुझं जे एकच धरून ठेवलं आहे, ते यात जाईल. त्या दिवशी त्यांनी तुला जे म्हटलं ते तुझ्या वाट्याचं नव्हतं, हे त्यांना कळल्यावर त्यांचं काय होईल तेही मला माहीत नाही. कदाचित खूप वाईट होईल. तू नाही म्हणशील. त्यांच्यासाठी नाही म्हणशील आणि माझ्यासाठीही, जसं त्या दिवशी 'मी' म्हणालास. वहिनीला हे वाचून दाखवशील, पत्र घडी करून ठेवशील आणि कामावर जाशील. तरी लिहिते आहे, दादा. एकदाच त्यांना सांग, की तू खोटं बोलला होतास.

तुझीच,
पिटू