घरात कुणी नाही

सांगली,
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय एस्तर,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू दचकली असशील. दर रविवारी फोनवर बोलणारा दादा पत्र का लिहितोय, असंही मनात आलं असेल. फोनवर दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तू मध्येच विचारलंस, "दादा, तब्येत बरी आहे ना रे?" आणि माझं बोलणं तिथंच संपलं. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून लिहितोय. जयराज आणि प्रांजल घरात नसताना वाच. नंतर जयराजना दे. तुझ्या नवऱ्यापासून लपवण्यासारखं आता काही ठेवायचं नाही.

माधवनगरची राहीबाई मंगळवारी गेली. तिच्याबद्दल तुला मी सांगत असे. नवरा गिरणीत होता, तो कधीच गेला. आणि कंबरेचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच होती. सोमवारी आणि गुरुवारी मी तिला अंघोळ घालायला जायचो. पुरानंतर मी हे काम सुरू केलं, हे तुला माहीत आहेच. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, पाठीवरच्या जखमा पुसायच्या, नखं कापायची. आधी दोन घरं होती, आता अकरा आहेत. राहीबाईच्या पाठीवर पाणी ओतलं की ती दर वेळी तेच म्हणायची, "मास्तर, तुमच्यासारखा ल्योक जिच्या पोटी आला, ती माउली लय भाग्याची बघा." मी टॉवेल पिळत बसायचो. दोन वर्षांपूर्वी नाताळात साताऱ्याला तुझ्या घरी तू पाहुण्यांना सांगितलंस, की आईचं आमच्या दादानं जे केलं ते कुणी मुलगी करणार नाही. मी ताटावरून उठून बाहेर गेलो. दादाला कौतुक सोसत नाही, असं तू त्यांना सांगितलंस. एस्तर, मला सोसत नव्हतं ते कौतुक नव्हतं.

आईला अर्धांगवायू झाल्यावरची तीन वर्षं तू दर महिन्याला येऊन पाहिलीस. तू यायचीस तेव्हा मी चादर बदललेली असायची, तिचे केस विंचरलेले असायचे. बाकीचे एकोणतीस दिवस तू पाहिले नाहीस आणि मी सांगितले नाहीत. ज्या बाईनं आपल्याला संडेस्कूलमध्ये स्तोत्रं शिकवली, ती मला बाबांच्या नावानं हाक मारून शिव्या द्यायची. घास थुंकायची. मी शाळेत जाताना शेजारणीला बसवून जायचो, तर तिच्या हाताला चावायची. शेवटी मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. तिला साफ करताना मला किळस यायची. राहीबाईचं करताना ती कधीच आली नाही. आपल्याच आईची किळस यावी आणि परक्या बाईची येऊ नये, याचा अर्थ काय लावायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

आता पुराचं लिहितो. मी तुम्हां सगळ्यांना काय सांगितलं, ते तुला पाठ असेल. आईसाठी बोट आणायला मी बाहेर पडलो, पाणी वाढलं, प्रवाहानं परत जाऊ दिलं नाही. त्यातलं पाणी वाढलं एवढंच खरं आहे.

सोमवारी गल्ली रिकामी झाली होती. समोरचे हंबीरराव टेम्पो घेऊन आले आणि म्हणाले, मास्तर, म्हातारीला गादीसकट उचलू या. मी नको म्हटलं. दोन हजार पाचला पाणी पायरीपाशी थांबलं होतं, आताही थांबेल, असं मला खरंच वाटलं. त्यात पाप नव्हतं, चूक होती. मंगळवारी सकाळी मी तिला चहा पाजत होतो. तिनं कप उडवला. चहा माझ्या अंगावर सांडला, आणि त्याच वेळी उंबऱ्यावरून पाणी आत आलं. मी उठलो. तीन वर्षांत क्वचितच यायचा तसा तिचा आवाज एकदम स्वच्छ झाला. "शमू, कुटं चाललास रं?" बघून येतो, म्हटलं. आम्हां दोघांचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

गल्लीत पाणी मांड्यांपर्यंत होतं. कोपऱ्यावर लालासाहेबांची नाव आली. लालासाहेब म्हणजे नदीकाठचे, होडी चालवणारे. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता, म्हणून मला ओळखत होते. त्यांनी ओरडून विचारलं, "मास्तर, घरात कोण हाय का?" मी म्हटलं, "घरात कुणी नाही. आईला सातारला पाठवलंय."

एस्तर, हे वाक्य मी ठरवून बोललो नाही, असं मी स्वतःला सहा वर्षं सांगत आलो. ते खरंही असेल. पण ते तोंडातून निघालं तेव्हा मला हलकं वाटलं. छातीवरचं कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. ते मी विसरू शकत नाही, आणि त्याला दुसरं कुठलं नावही देऊ शकत नाही.

मी नावेत बसलो. पुढच्या गल्लीत एक बाळंतीण माळ्यावर अडकली होती, तिला मी पाठीवर घेऊन उतरवलं. मग दोन म्हातारे, एक आंधळा माणूस, कुणाच्या शेळ्या. मी पाण्यात उड्या टाकत होतो, आणि लालासाहेब म्हणत होते, मास्तर, जरा दमानं घ्या. दुपारी बारापर्यंत परत जाता आलं असतं. फक्त म्हणायचं होतं, नाव वळवा, मी खोटं बोललो, आई घरात आहे. बारा वाजता लाज वाटली. एक वाजता जास्त वाटली, कारण मग तासाभराचा उशीरही सांगावा लागला असता. आईच्या जिवापेक्षा माझी लाज मोठी झाली. चार वाजता मी कुणाला न सांगता एकटाच गल्लीच्या तोंडाशी गेलो. पाणी गळ्याला लागलं, ओढ इतकी होती की विजेच्या खांबाला धरून राहावं लागलं. तिथून आपल्या घराची कौलं दिसत होती. मी हाक मारली नाही. उत्तर आलं असतं तर काय करायचं, या भीतीनं मारली नाही.

पुढचे तीन दिवस मी नावेवर होतो. पेपरात माझा फोटो आला, तो तू कापून ठेवलास. पाणी उतरल्यावर दार मी उघडलं आणि आत मी एकटाच गेलो; ते बघण्यातून तरी तू सुटलीस, याचं मला बरं वाटतं. तिथं काय होतं ते लिहीत नाही. इतकंच लिहितो, की ती पलंगावर नव्हती. दारापाशी होती. उजवं अंग लुळं असलेली बाई पलंगावरून दारापर्यंत आली होती.

दफनाच्या दिवशी तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. लालासाहेब फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभे होते. सगळे गेल्यावर जवळ आले. म्हणाले, "मास्तर, म्या आपनहून कुनाला सांगनार न्हाई. पर कुनी इचारलं तर खोटंबी बोलनार न्हाई." सहा वर्षांत कुणी त्यांना विचारलं नाही. रस्त्यात दिसले की मी बाजू बदलतो.

म्हणून ती अकरा घरं, एस्तर. दुष्काळात माण तालुक्यात गुरांच्या छावणीवर दोन महिने राहिलो तेही म्हणूनच. कर्मांनी कुणाचं तारण होत नाही, हे आईनंच आपल्याला घोकायला लावलं होतं. माणूस कितीही चांगलं वागला तरी देवापुढं रिकाम्या हातानंच उभा असतो, क्षमा मिळते ती त्याच्या कृपेनं. संडेस्कूलच्या परीक्षेत हे उत्तर मी नेहमी बरोबर लिहायचो. पण पाठीवर पाणी ओतताना मी मनात देवाला म्हणायचो, बघतोयस ना? अजून किती?

यंदा गुड फ्रायडेआधीच्या उपासकाळात मी चर्चमध्ये पाळकसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शमुवेल, तू सहा वर्षं लोकांच्या आयांना न्हाऊ घालून देवाला काय सांगतोयस? त्याच्या पुत्रानं जीव दिला तो कमी पडला, उरलेलं मी करतो, असंच ना?" आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि क्षमा झाली असं सांगितलं. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मला ते खरं वाटलं. त्यानंतर पाच महिने मला नीट झोप लागली. जेवणाला चव आली. राहीबाईकडे मी पहिल्यांदाच काही न मागता गेलो. देव क्षमा करतो याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही.

पण ती क्षमा मी घरात नेली आणि दार लावून घेतलं. तुला सांगावं, असं त्या पाच महिन्यांत एकदाही मनात आलं नाही. आता सगळं देवाशी मिटलं आहे, तर एस्तरला कशाला दुःख द्यायचं, असं मी स्वतःला सांगितलं. केवढा विचार करणारा भाऊ!

मागच्या शनिवारी जयराजांचा फोन आला. मी तुझ्यावर रागावू नये म्हणून विनवू लागले. म्हणाले, दादा, एस्तर पुरापासून प्रभुभोजन घेत नाही. भाकरीचं ताट आलं की पुढच्याकडे देते. मला वाटायचं उपवास असेल, काही नवस असेल. परवा प्रांजलच्या दृढीकरणाचं, तिच्या पहिल्या प्रभुभोजनाचं, बोलणं निघालं, तर म्हणाली, मी पोरीशेजारी उभी राहणार नाही, माझ्या हाताला आईचं रक्त आहे. पुराआधी जुलैत आईला सातारला न्यायचं ठरलं होतं आणि प्रांजलला कावीळ झाली म्हणून तू पंधरा दिवस पुढं ढकललंस. तेवढं धरून तू सहा वर्षं बसलीस. मी नेलं असतं तर आई मेली नसती, देव मला कसा क्षमा करील, असं तू रडून त्यांना सांगितलंस. जयराज मला म्हणाले, "दादा, तुम्हीच तिला समजवा. तुमचं ती ऐकेल." मी फोन ठेवला आणि अंगणात बसून राहिलो. इकडे सांगलीत तेच ताट चर्चच्या मंडळीचा पंच म्हणून मी हातात धरतो, बाकांमधून फिरवतो आणि शेवटचा तुकडा स्वतः खातो. तिकडे तू हात मागे घेतेस. आपल्या धर्माचा सगळा आधार हा, की एकाचं पाप दुसऱ्यानं वाहिलं. त्यानं ते जाणून, आपणहून वाहिलं. तू न जाणता वाहत होतीस, आणि ते मी तुला वाहू दिलं.

मी पुन्हा पाळकसाहेबांकडे गेलो. या वेळी त्यांनी प्रार्थना केली नाही. म्हणाले, "बहिणीला सांगितलंस का, एवढं मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. मीही चुकलो." पंचपदाचा राजीनामा मी दिला आहे. काल लालासाहेबांच्या घरी गेलो आणि म्हटलं, आता कुणीही विचारलं तर सांगा. त्यांनी पाणी दिलं. येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीपुढं उभा राहून बोलणार होतो. ते एक आठवडा पुढं ढकललंय, म्हणजे तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही. त्यानंतर सोमवारी पोलीस ठाण्यात जाईन. पाळकसाहेब बरोबर येणार आहेत. कायदा काय करेल ते मला माहीत नाही. तू मला क्षमा करावीस अशी माझी फार इच्छा आहे, पण ती आज मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभावच तो. म्हणून आज मागत नाही. येऊ नकोस, फोनही करू नकोस. हे पत्र फक्त एवढ्यासाठी लिहिलं: प्रांजलला कावीळ झाली होती, तू तुझ्या आजारी लेकीजवळ थांबलीस, आणि त्यात काडीचंही पाप नव्हतं. आईला तू मारलं नाहीस. पाच ऑक्टोबरला सातारच्या मंडळीत प्रभुभोजन आहे. ताट तुझ्यापुढं येईल. एस्तर, भाकर घे.

आजवर तुला खोटं सांगणारा, तरी तुझाच,
शमूदादा