आईच्या मापाचे पायजमे

प्रिय मावशी,

जे घडलं ते आधी क्रमानं लिहिते. यात कुणाचं मत नाही, माझंही नाही.

१. आमच्या आईचा एक जुना पायजमा, शिवणी उसवून चार भाग केलेला, जुन्या चादरींच्या खणात ठेवलेला होता.
२. तुम्ही तो काढलात, धुतलात आणि कापून बाबांच्या दुकानासाठी चष्मे पुसायचे चौकोनी तुकडे केलेत.
३. मी डबा द्यायला दुकानात गेले तेव्हा बाबा एका गिऱ्हाइकाची काच त्यातल्याच एका तुकड्यानं पुसत होते.
४. मी सगळे तुकडे घरी आणले, त्यांना इस्त्री केली आणि जेवणाच्या टेबलावर ते मूळ जागी मांडले.
५. तुम्ही माझ्यासाठी चहा घेऊन आलात, टेबलाकडे पाहिलंत, कप ओट्यावर ठेवलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीकडे निघून गेलात.
६. तुम्ही अजून परत आलेल्या नाहीत.

असे आकडे घालून लिहिलं म्हणून रागावू नका. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सुरुवात करून पाहिली, ती पुढे जाईना. ‘मावशी’ हा शब्दही मी पहिल्यांदाच वापरते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. बाबांशी लग्न होऊन तुम्ही घरात आल्यापासून मी तुम्हाला कुठल्याच नावानं हाक न मारता वाक्यं जुळवत आले. ‘जरा ऐकता का’, ‘मीठ इकडे सरकवता का’. एकदा अगदीच अडलं म्हणून ‘अहो’ म्हणाले, तर बाबांनी आणि तुम्ही एकदमच मान वर केलीत आणि पिल्लूला हसता हसता ठसका लागला. सहा फूट उंचीच्या, बेकरीची भट्टी सांभाळणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला आम्ही अजून पिल्लू म्हणतो, तेव्हा नावांच्या बाबतीत आमचं घर तसंही फारसं शहाणं नाही. त्यानं पहिल्याच दिवशी, तोंडात पाव असताना, तुम्हाला मावशी म्हणून टाकलं. मला तसं म्हणून टाकता येत नाही. मला शब्दही वापरायच्या आधी तपासून घ्यावा लागतो.

तो पायजमा काय होता हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सांगत नाही. आमच्याकडे महत्त्वाच्या गोष्टी समोरच्याला आपोआप माहीत असाव्यात अशी अपेक्षा असते, आणि नसल्या की आम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. म्हणून आता लिहिते. आई दर वर्षी थंडीच्या आधी एकाच ताग्यातून सगळ्या घराचे पायजमे शिवायची. तिला माप काढून कापड बेतता येत नव्हतं. शिवणाच्या क्लासला ती गेली नव्हती आणि कुणाला विचारायला जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिच्याकडे तिला चांगला बसणारा एक पायजमा होता. तो तिनं उसवला, त्याचे चार भाग सपाट केले, आणि नव्या कापडावर ते ठेवून साबणाच्या चिपेनं कडेनं रेघ ओढली. बाबांसाठी रेघेच्या बाहेर चार बोटं, पिल्लूसाठी त्याच्या वाढीप्रमाणे दोन, मग तीन. नेफा, नाडी, खालची दुमड, झालं. गॅलरीत ते सगळे एका रांगेत वाळत पडले की शेजारच्या नर्सबाई विचारायच्या, काय हो, बँडपथक आलं वाटतं. आई गेल्यावर शिवायचं काम माझ्याकडे आलं. मीही तेच चार भाग कापडावर ठेवले, तशीच रेघ ओढली, तशीच बोटं मोजली. मी ज्या कामाचा पगार घेते त्यात केसाच्या जाडीएवढी चूक चालत नाही, आणि घरी मी बोटांनी मोजत होते. मला त्यात कधी काही खटकलं नाही.

आता टेबलाबद्दल. आमच्या प्रयोगशाळेत मोडलेले भाग येतात. दात उडालेली चाकं, चिरलेले दांडे, फुटलेल्या झडपा. त्यांचं काय झालं हे शोधणं माझं काम. पहिला नियम असा, की सगळे तुकडे आधी पांढऱ्या ट्रेमध्ये मूळ जागी मांडायचे. कुणी मोडलं हे तेव्हा विचारायचं नाही. आधी पूर्ण वस्तू दिसली पाहिजे. मी त्या संध्याकाळी तेच केलं. तुकड्यांवरचे पट्टे जुळवत गेले, मध्ये फटी सोडल्या, कडेला पेन्सिलीनं रेघा काढल्या. माझ्यासाठी ते रोजचं काम होतं. पण तुम्ही चहा घेऊन आत आलात तेव्हा तुम्हाला दिसलं ते वेगळं. ज्या टेबलावर तुम्ही आम्हाला वाढता त्यावर आमची आई कमरेपासून खाली तुकड्यांत मांडून ठेवली होती, आणि मी तिच्यावर वाकून बसले होते. मी मान वर केली नाही. माझ्या मनात आरोप नव्हता असं लिहिलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. होता. पण तो किती आणि कुणावर, हे मला तेव्हा ठरवता आलं नव्हतं, आणि मी ठरवायच्या आत तुमची बॅग भरून झाली.

तुम्ही गेल्यावर मी ते तुकडे कागदावर उतरवायला घेतले. जमलं नाही. तुम्ही चौकोन कापलेत, म्हणजे वाकड्या कडा टाकून दिल्या असणार. पायजम्यात वाकडी कड एकाच ठिकाणी असते, आसनाला, जिथे पुढचा भाग मागच्याला दोन पायांच्या मध्ये मिळतो. बाकी सगळ्या रेघा सरळच. त्या कुणीही काढेल. नेमका तो बाक कचऱ्यात गेला होता. थंडी तोंडावर आलेली. मग मी लायब्ररीतून शिवणाचं पुस्तक आणलं आणि जे आमच्या घरात कुणी केलं नव्हतं ते केलं. माणसांची मापं घेतली.

बाबा हात पसरून उभे राहिले. आसनाचं माप बसवून घ्यायचं असतं: माणूस कडक खुर्चीवर बसतो आणि कमरेपासून खुर्चीपर्यंत बाजूनं टेप धरायची. मी टेप धरली आणि आकडा पाहून पुन्हा धरली. आमच्या जुन्या बेतापेक्षा तो कितीतरी जास्त होता. मी विचारलं, बाबा, जुना पायजमा बसताना ओढत नाही का. ते म्हणाले, ओढतो की. कधीपासून? पहिल्यापासून. मग बोलला का नाहीत? त्यावर ते म्हणाले, अगं, झोपायचंच तर असतं त्यात, आणि झोपल्यावर नाही ओढत. पिल्लू भिंतीला टेकून पाव खात होता. तो म्हणाला, माझे तर घोट्याच्या वर संपतात, मला वाटायचं ती फॅशन आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, मी पायजमा पाहून पसरत आलो. आम्ही तिघंही हसलो. तुम्ही गेल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं.

मग मी माझं माप घेतलं. ते जुन्या बेताशी तंतोतंत जुळलं, कारण माझं अंग आईवर गेलं आहे. म्हणजे तो पायजमा या घरात दोघींनाच बसत होता, आणि त्यातली एक मी. म्हणून मला कधी विचारावंसं वाटलं नाही. ज्याला बसतं त्याला शंका येत नाही. आईनं आम्हा सगळ्यांना स्वतःच्या मापात शिवलं, चार बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, आणि बाबांनी ते सोसलं. त्यात तिचा दोष मी काढत नाही. तिनं जे हाताशी होतं त्यातून केलं. पण तो बेत देव्हाऱ्यात ठेवावा असा नव्हता, आणि मी त्याला जवळजवळ तिथेच ठेवलं होतं.

कमरेचं माप घेताना बाबा आणखी एक गोष्ट बोलले. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत. म्हणाले, ती मला विचारायला आली होती. दुकानात, ते कापड घेऊन. हे जुनं दिसतंय, मऊ झालंय, काचेला चरे पडणार नाहीत, कापू का म्हणाली. मी घे म्हणालो. मी विचारलं, तुम्ही ओळखलं नव्हतं का. त्यांनी पोट आत ओढून धरलं, त्यामुळे मला माप पुन्हा घ्यावं लागलं. टेपमधून सुटल्यावर म्हणाले, ओळखलं होतं. खणात पडून त्याचं काय होणार होतं. आणि तुला सांगायचं म्हटलं तर तुझ्यापुढे तोंड कोण उघडणार.

तर तुम्ही विचारलं होतंत. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. टेबलासमोर उभ्या होतात तेव्हा नाही, दुसऱ्या दिवशी चपला घालताना नाही. ‘तुझ्या बाबांना विचारलं होतं’ एवढं एक वाक्य टाकलं असतंत तर माझा रोख त्यांच्यावर गेला असता आणि तुम्ही मोकळ्या झाला असतात. तुम्ही ते बोलला नाहीत, कारण मग मी वडिलांशी बोलणं सोडलं असतं. माझा स्वभाव तुम्ही इतक्या थोड्या काळात इतका बरोबर ओळखलात, याचं मला नवल वाटलं. थोडं अवघडही वाटलं. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर मी तुमच्याबद्दल काय ओळखलं होतं? तुम्ही चहात साखर घेत नाही. बस.

घरची खबर अशी. नर्सबाई तुमची चौकशी करतात. पिल्लू त्यांना सांगतो की मावशी माहेरी गेली आहे, आणि त्या म्हणतात, या वयात बरं सुचलं. बाबा दुकानातून येतात, तुमच्या खुर्चीवरचा त्यांचाच पेपर उचलतात आणि दुसऱ्या खुर्चीवर बसून वाचतात. तुमच्या बहिणीला फोन लावतात आणि वाजायच्या आत ठेवतात. मी विचारलं, तर म्हणाले, घर तुझं आहे, तिला बोलवायचं की नाही ते मी एकट्यानं कसं ठरवू. मी त्यांना म्हणाले की हे घर तुमचंही आहे. ते म्हणाले, माझं आहे गं, पण तिला ते आपलं वाटायला हवं ना. हे पत्र मी लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही. ते चौकोनी तुकडे मी दुकानात परत नेऊन दिले. काच खरंच छान पुसली जाते.

आता जे लिहायचं होतं ते. मागच्या थंडीत तुम्ही या घरात नव्यानं आला होतात, आणि मी तीन पायजमे शिवले. तुम्ही त्या तिन्हींना इस्त्री केलीत, घड्या घातल्यात आणि ज्याच्या त्याच्या पलंगावर नेऊन ठेवलेत. कापड उरलं होतं. चौथा सहज निघाला असता. मला ते कापतानाच दिसत होतं. मी उरलेल्या कापडाची घडी केली आणि कपाटात वर ठेवून दिली, आणि मी ती घडी ठेवताना तुम्ही माझ्यासाठी स्टूल धरलंत. पायजम्याच्या तुकड्यांमुळे तुम्ही गेलात असं घरात सगळे समजतात. मला नाही वाटत. या वर्षी मी चौघांचं कापड आणलं आहे, निळ्या बारीक चौकटीचं, धुऊन आटवून ठेवलं आहे. बाबांचा, पिल्लूचा आणि माझा कागद तयार आहे. तुमचा नाही. तुमची एक विजार दोरीवर राहिली आहे, ती ठेवून मला रेघ ओढता आली असती, पण या घरात दुसऱ्याच्या कपड्यावरून आता काही बेतायचं नाही असं मी ठरवलं आहे. मला चार मापं हवी आहेत: कंबर, बैठकीचा घेर, कमरेपासून घोट्यापर्यंत लांबी, आणि खुर्चीवर बसून घेतलेलं आसन. शेवटचं माप स्वतःचं स्वतः नीट घेता येत नाही. ते इथे येऊन दिलंत तर अचूक होईल. शुक्रवारी मला सुट्टी आहे आणि मी त्या दिवशी सगळं कापड एकदमच कापणार आहे. मापं लिहून पाठवणार असाल किंवा येणार असाल, तर कृपया गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा.

तुमचीच,
थोरली