एक्क्याऐंशीतला आठ

२ फेब्रु., रवि.
पुढच्या रविवारी सासऱ्यांना, आप्पांना, ८१ पूर्ण. घरात गणिताची बाई असताना भाषणाला दुसरं कोण? जेवताना त्यांना थोडं ऐकवलं. ८१ म्हणजे नऊ नव्वे. तीनचा चौथा घात. आठ नि एक नऊ, त्याचा वर्ग परत ८१. आणि एकाला ८१ नं भागलं की ०.०१२३४५६७८९, सगळे अंक ओळीनं!
आप्पांचा घास हातातच. "आयला, माझ्या वयात एवढं हाय?"
फार हुशार वाटलं मला.

५ फेब्रु.
पाहुण्यांना द्यायचे स्टीलचे डबे आले. झाकणावर आप्पांच्या नावाखाली '१ ÷ ८१ = ०.०१२३४५६७८९' कोरलेलं! दुकानदाराला म्हणे अभिमानानं सांगितलं, "सुनंनं शिकीवलंय."

७ फेब्रु., शुक्र.
दहावीचा तास लवकर संपला म्हणून फळ्यावर तोच भागाकार घेतला. सातापर्यंत बरोबर. मग ७३० ला नवाचा भाग गेला, बाकी १. आठ येतच नाही. पुन्हा केला. नऊच.
मोबाइलवर कधीतरी आलेलं वाचून ठोकून दिलं होतं. पोरांना मात्र रोज, पडताळा घ्या, पडताळा घ्या.
घरी आले तर आप्पा फडक्यानं डबे पुसत बसलेले. आत जाऊन कुकर लावला.

९ फेब्रु., रवि.
कार्यक्रम छान झाला. भाषणात भागाकार गाळला.
जेवणं उरकली आणि नणंदेचे मिस्टर, जयसिंगपूरचे भाऊजी, डबा घेऊन मोबाइलवर आकडे मारायला लागले. "आप्पा, मोबाइलात तर आठच येत नाही. चुकीचं कोरलंय की!" हशा.
नवरा माझा, संजय, पटकन म्हणाला, "वय झालं ओ त्यांचं. हिनं सांगितलं एक, त्यांनी ऐकलं भलतंच."
सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हसले. नुसती हसले.
आप्पांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. "व्हय, मलाच नीट ऐकू येत न्हाय हल्ली."
त्यांना स्वच्छ ऐकू येतं.

१० फेब्रु.
संजयला खरं काय ते सांगितलं. "मग आता काय गावभर सांगत फिरणार हैस? सोड की."
सोड की. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रु.
सकाळी गोठ्यात गेले. "आप्पा, चूक माझी होती."
"ठावं हाय मला." म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग, "पर त्यो आठ गेला कुठं?"
समजावलं. नवानंतर दहा येतो, तो एका घरात मावत नाही. त्याचा हातचा नवाला. नवाचे झाले दहा, त्याचा हातचा आठाला. म्हणून आठाच्या जागी नऊ दिसतो.
बोटांवर मोजत ऐकलं. "हे चांगलं सांगितलंस." तेवढ्यानंही मेल्याहून मेल्यासारखं झालं.
म्हटलं, भाऊजींना फोन करू?
"मला इचारून करणार व्हय?"

१६ फेब्रु., रवि.
फोन केला नव्हता. आज नणंद नि भाऊजी जेवायला. भाऊजी आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते, "आप्पा, मटण झकास झालंय!" नणंदही तशीच. आता संजयसुद्धा. आप्पा मान हलवत होते.
मी वाढत होते. पांढऱ्या रश्श्याचं पातेलं हातात.
"भाऊजी," म्हटलं.
आप्पांचा हात थांबला.
"काय ओ वहिनी?"
"...रस्सा वाढू?"
"वाढा की!"
आप्पा खाली बघून जेवायला लागले.